एका छपराखालचे अनोळखी

एकाच घरांत राहणारे दोन भाऊ एकमेकांशीं बोलेनासे झाले, म्हणजे त्या अबोल्याचें कारण शोधून काढणें किती बिकट असतें, हें वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको. एक म्हणतो, "मी हांक मारली, पण त्यानें ओ दिली नाहीं." दुसरा म्हणतो, "मला हांक ऐकूंच आली नाहीं." दोघेही खरें बोलत असतात, आणि तरीही अबोला संपत नाहीं. मग शेजारीपाजारी आपापलें निदान सांगूं लागतात. कोणी स्वभावास दोष देतो, कोणी ग्रहांस. मधल्या दारास बाहेरून कडी लागली आहे काय, हें उठून पाहण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाहीं.

ह्या वार्षिक अंकांत आम्ही माणसांच्या अबोल्याविषयीं लिहीत नाहीं. यंत्रांच्या अबोल्याविषयीं लिहीत आहों. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां एकाहून अधिक संगणक असतात. वडिलांचा एक, थोरल्या भावाचा एक, त्यांत एखादा प्रिंटर. सर्वांस इंटरनेट मिळतें, सर्वांवर चित्रें दिसतात, पत्रें येतात. परंतु एका संगणकावरून दुसऱ्यावरील एखादा कागद पाहूं म्हटलें, तर दुसरा संगणक घरांत आहे ह्याचाच पत्ता पहिल्यास नसतो. ज्या यंत्रास सातासमुद्रांपलीकडची बातमी क्षणांत आणतां येते, त्यास जिन्याच्या बारा पायऱ्या ओलांडतां येत नाहींत! हा चमत्कार आमच्याच घरीं घडला, आणि त्याचा उलगडा करतां करतां जें शिकावयास मिळालें, तें आमच्या बालमित्रांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

आमचें घर जुन्या घडणीचें, दुमजली व दगडी भिंतींचें आहे. खालीं आम्ही राहतों. वर आमचे वडील बंधू, वहिनी व त्यांचे चिरंजीव राहतात. वरच्या मजल्यावरील संगणकांत घराण्याचा सारा संग्रह आहे: २००९ सालापासूनचीं छायाचित्रें, जमिनीच्या कागदांच्या प्रती, आणि आमच्या मातोश्रींनीं वार्धक्यांत म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. त्या ओव्या कोठेंही छापलेल्या नाहींत. मातोश्रींस त्या त्यांच्या आईकडून आल्या होत्या, आणि आतां त्या म्हणणारें घरांत कोणी उरलें नाहीं.

मागील वर्षीं आमच्या एका स्नेह्यांच्या संगणकाची डिस्क एका रात्रींत बंद पडली आणि त्यांच्या मुलांच्या बाळपणाचीं सारीं चित्रें गेलीं. तें ऐकून आमच्या मनांत आलें कीं, वरच्या संग्रहाची एक प्रत खालच्या आमच्या संगणकांतही असावी, आणि ती रोज रात्रीं आपोआप ताजी व्हावी. पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढावा, हा उपाय सोपा खरा. परंतु मनुष्याचा स्वभाव असा आहे कीं, जी नक्कल जिना चढून करावी लागते ती पहिल्या महिन्यांत नियमानें होते, दुसऱ्यांत कधींमधीं होते, आणि तिसऱ्यांत विसरते. म्हणून दोन्ही यंत्रांनीं आपसांतच हा व्यवहार करावा असें ठरलें. तथापि कोणत्याही प्रयोगास हात घालण्यापूर्वीं ओव्या व जमिनीचे कागद पेन ड्राइव्हवर उतरून कपाटांत ठेवले. आधीं प्रत, मग प्रयोग, हा क्रम कोणीही मोडूं नये.

मग आम्हीं आमच्या संगणकावर नेटवर्कची यादी उघडली. तींत आमचें स्वतःचें नांव होतें. वरच्या यंत्राचें नव्हतें. वर जाऊन पाहिलें, तों तेथेंही तोच प्रकार. प्रत्येक यंत्र आपल्यापुरतें घरांत एकटेंच नांदत होतें.

ही वार्ता बाहेर फुटतांच सल्ल्यांस तोटा राहिला नाहीं. एका शेजाऱ्यांनीं सांगितलें, "संगणक जुना झाला, नवा घ्या." दुसऱ्यांनीं सांगितलें, "सारीं यंत्रें बंद करून पुन्हां चालू करा;" तें केलें, कांहीं झालें नाहीं. आमचे पुतणे दहावींत आहेत आणि यंत्रांच्या बाबतींत धाडसी आहेत. त्यांनीं एका तासांत दोन उपाय शोधून आणले. ते म्हणाले, "काका, दोन्ही संगणकांची फायरवॉल काढून टाकूं या. आणि विंडोजमध्यें फाइलींच्या देवघेवीची एक जुनी पद्धत बंद करून ठेविलेली असते, ती पुन्हां चालू करूं या. म्हणजे यादींत सगळे दिसूं लागतात. घर आपलेंच आहे. येथें चोर येणार कोठून?"

प्रश्न योग्य होता, म्हणून त्याचें उत्तरही नीट देणें भाग होतें. आम्हीं विचारलें, "बाळ, ही पद्धत बंद कां केली, हें पाहिलेंस काय?" त्यांनीं तें पाहिलें नव्हतें. मग आम्ही दोघांनीं मिळून तें वाचून काढलें.

ती जुनी पद्धत म्हणजे एसएमबी नांवाच्या नियमावलीची पहिली आवृत्ति. संगणकांनीं एकमेकांच्या फाइली कशा मागाव्या व कशा द्याव्या, ह्याचे ते नियम १९८० च्या दशकांत घडले. त्या वेळीं जाळीं लहान होतीं आणि जाळ्यांत असलेला प्रत्येक जण आपलाच असे. पुढें जग बदललें आणि ते नियम तोकडे पडले. मायक्रोसॉफ्टनें २०१४ सालींच ही आवृत्ति सोडून द्यावी असें जाहीर केलें होतें. तिच्यांतील एक मोठें भगदाड बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीं प्रसिद्ध झाली. परंतु असंख्य लोकांनीं ती आपल्या यंत्रांस लावली नाहीं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आंतच, १२ मे २०१७ रोजीं, वॉनाक्राय नांवाची कीड त्याच भगदाडांतून शिरली. कोणीं एखादें पत्र उघडावें किंवा चुकीची कळ दाबावी, ह्याची तिला गरज नव्हती. एका यंत्रांत शिरली कीं ती आपण होऊन शेजारच्या यंत्राचें दार ठोठावी. आंत जाऊन ती सर्व फाइली कुलुपांत घाली आणि सोडविण्यासाठीं खंडणी मागे. थोड्याच दिवसांत दीडशेंच्या आसपास देशांत ती पसरली. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांत रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या आणि कांहीं ठिकाणीं रुग्णवाहिका दुसरीकडे पाठवाव्या लागल्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत निघालेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्यानें बसविलेल्या यंत्रांत ही जुनी पद्धत आपोआप चालू होत नाहीं.

हें वाचून झाल्यावर पुतण्यांनींच विचारलें, "म्हणजे यादींत नांव दिसावें म्हणून आपण तेंच भगदाड पुन्हां पाडणार होतों?" आम्हीं म्हटलें, "तें एक, आणि दुसरें असें कीं, तुझ्या आजीच्या ओव्या आहेत त्याच घराची ती भिंत." त्यानंतर फायरवॉल काढण्याची गोष्ट त्यांनीं पुन्हां काढली नाहीं.

परंतु अमुक करूं नये हें कळल्यानें काय करावें हें कळत नाहीं. म्हणून आम्ही दोघांनीं एक वही घेतली आणि तींत पांच प्रश्न लिहिले. वाट आहे काय? पत्ता बरोबर आहे काय? दार उघडें आहे काय? किल्ली चालते काय? नांव पुकारलें जातें काय? एका प्रश्नाचें उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्यास हात लावावयाचा नाहीं. एका वेळीं एकच बदल करावयाचा. आणि केलेला प्रत्येक बदल वहींत लिहावयाचा, असा नियम केला. दोन बदल एकदम केले आणि काम झालें, तर त्यांतील कोणत्या बदलानें झालें हें कळत नाहीं. आणि बिघडलें, तर कोणत्यानें बिघडलें हेंही कळत नाहीं.

पहिला प्रश्न वाटेचा. तारा घट्ट बसल्या आहेत काय, राउटरावरील दिवे लागले आहेत काय, वाय-फाय जोडलेलें आहे काय, हें पाहिलें. सारें ठीक होतें; दोन्ही यंत्रांवर इंटरनेट चालतच होतें. तेव्हां वाट होती. मात्र ती कोठून कोठें जाते, हें ठरावयाचें होतें.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास चार आंकड्यांचा एक पत्ता असतो. असे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटी होऊं शकतात, आणि ते जगास पुरत नाहींत. म्हणून कांहीं पत्ते घरगुती व खाजगी जाळ्यांसाठीं राखून ठेवण्यांत आले. ते कोणीही आपल्या घरांत वापरावे, बाहेर मात्र ते चालत नाहींत. १९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते ह्याच जातीचे. प्रत्येक गांवांत एक शुक्रवार पेठ असावी, तसाच हा प्रकार आहे. सामान्य घरांत पहिले तीन आंकडे गल्लीचे आणि शेवटचा आंकडा घराचा, असें समजावें. गल्ली एक असेल तरच यंत्रें एकमेकांचीं शेजारी होतात. एखाद्या यंत्राचा पत्ता १६९.२५४ नें सुरू झालेला दिसला, तर पत्ते वाटणाऱ्या राउटराशीं त्याची गांठच पडली नाहीं आणि त्यानें आपल्याच मनानें एक पत्ता घेतला, असें ओळखावें.

आमच्या संगणकावर काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली. पत्ता आला १९२.१६८.१.१०. वर जाऊन तीच आज्ञा दिली. पत्ता आला १९२.१६८.०.१०३. पुतण्यांनीं दोन्ही पत्ते वहींत एकाखालीं एक लिहिले, आणि तिसऱ्या आंकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "काका, खालीं एक आहे, वर शून्य आहे!" आमच्या एका घरांत दोन गल्ल्या नांदत होत्या.

ह्याचें कारण लवकरच सांपडलें. इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा राउटर खालीं आहे. दगडी भिंतींतून वाय-फायच्या लहरी वर नीट पोंहोंचत नाहींत. म्हणून कांहीं वर्षांपूर्वीं एका दुकानदारानें वरच्या मजल्यावर दुसरा राउटर बसवून तो तारेनें खालच्यास जोडला होता. इंटरनेट उत्तम चालूं लागलें, सर्वांचें समाधान झालें. परंतु राउटर म्हणजे गांवाची वेस होय. वेशीच्या आंत तो आपले पत्ते वाटतो आणि वेशींत उभा राहून पहारा करतो. आंतला मनुष्य बाहेर गेला तर त्यास तो जाऊं देतो, आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर घेऊन कोणी आलें तर त्यासही आंत सोडतो. पण न बोलावतां बाहेरून आलेल्यास तो परत लावतो. आमच्या घरीं खालचें घर हें एक गांव झालें होतें आणि वरचा मजला हें त्याच्या पोटांत वसलेलें, निराळ्या वेशीचें दुसरें गांव.

हें खरें कीं खोटें, हें पाहण्यास एक सोपी कसोटी आहे. १९८३ सालच्या डिसेंबरांत माइक मूस नांवाच्या अमेरिकन तंत्रज्ञानें पिंग नांवाची एक लहानशी आज्ञा लिहिली. पाणबुड्यांचा शोध घेतांना पाण्यांत नाद सोडून त्याचा प्रतिध्वनि ऐकतात. त्या नादावरून हें नांव त्यानें दिलें. पिंग दुसऱ्या यंत्रास एक हांक मारतें आणि उत्तर येण्यास किती वेळ लागला तें सांगतें. वरच्या संगणकावरून खालच्या प्रिंटरास पिंग केलें, तों तत्काळ उत्तर आलें. खालच्या आमच्या संगणकावरून वरच्यास पिंग केलें, तर उत्तर नाहीं. वरून खालीं हांक जात होती. खालून वर जात नव्हती, कारण ती गल्ली खालच्या राउटरास ठाऊकच नव्हती. लेखाच्या आरंभीं ज्या दोन भावांचें बोलणें दिलें आहे, त्यांची आठवण येथें वाचकांस होईल.

उपाय वरच्या राउटराच्या मांडणींतच होता. त्यास ॲक्सेस पॉइंट म्हणून वागण्याची सोय होती. ती निवडल्यावर त्यानें पत्ते वाटण्याचें व वेशीवर पहारा करण्याचें काम सोडलें आणि केवळ लहरी पुढें पोंहोंचविण्याचें काम पत्करलें. दहा मिनिटांनीं वरच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२५ असा आला. गल्ली एक झाली. वहींत हा बदल तारखेसह लिहिला.

पुतण्यांनीं मोठ्या उत्साहानें खालून पुन्हां पिंग केलें, उत्तर नाहींच. ते हिरमुसले. परंतु आमच्या दृष्टीनें ही प्रगतीच होती, कारण आतां आपण तिसऱ्या प्रश्नाशीं येऊन पोंहोंचलों होतों. कुलपें तीन असतील तर पहिलें उघडल्यानें दार उघडत नाहीं. म्हणून पहिली किल्ली खोटी होती असें होत नाहीं.

तिसरा प्रश्न दाराचा. विंडोज प्रत्येक जाळ्याविषयीं आपल्या मनांत एक ग्रह करून ठेवतें: हें जाळें पब्लिक आहे, कीं प्रायव्हेट? रेल्वेच्या स्थानकावर किंवा उपाहारगृहांत असलेलें जाळें पब्लिक. तेथें शेजारीं कोण बसला आहे हें ठाऊक नसतें, म्हणून यंत्र आपलें दार लावून घेतें, कोणास ओळख दाखवीत नाहीं आणि पिंगलाही ओ देत नाहीं. घरचें जाळें प्रायव्हेट. तेथें दार किलकिलें करण्यास हरकत नसते. गल्ली बदलल्यामुळें वरच्या संगणकास जाळें नवें वाटलें आणि त्यानें सावधपणें त्यास पब्लिक मानलें. यंत्राचें वागणें चुकीचें नव्हतें. परक्या गांवीं उतरलेल्या शहाण्या मुलानें वागावें तसेंच तें वागत होतें. आम्हीं दोन्ही संगणकांवर घरच्या जाळ्यास प्रायव्हेट म्हटलें आणि तेवढ्या जाळ्यापुरती फाइल व प्रिंटर वाटून घेण्याची परवानगी दिली. फायरवॉल जागच्या जागीं राहिली. तिच्यांतील एक खिडकी तेवढी घरच्या माणसांसाठीं उघडली. पिंगचें उत्तर दोन सहस्रांश सेकंदांत आलें.

चौथा प्रश्न किल्लीचा. वरच्या संगणकावर संग्रहाचें एकच फोल्डर वाटून घेण्यास मोकळें केलें, आणि तेंही केवळ वाचण्यापुरतें. खालून कोणास कांहीं पुसतां येऊं नये, ही व्यवस्था ठेविली. खालीं येऊन पत्त्याच्या जागीं दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन वरच्या यंत्राचा पत्ता लिहिला. यंत्रानें नांव व पासवर्ड विचारला. पुतण्यांनीं वरचा संगणक रोज उघडतांना ते वापरतात तो चार आंकड्यांचा पिन दिला; नकार आला. पुन्हां दिला, पुन्हां नकार. ह्याचें कारण असें कीं, पिन हा त्याच एका यंत्रापुरता असतो; त्याच्यासमोर बसणाऱ्यासाठींच तो आहे, आणि जाळ्यावरून येणाऱ्यास तो चालत नाहीं. तेथें खात्याचा खरा पासवर्ड लागतो. म्हणून वर ह्या कामापुरतें एक निराळें खातें काढून त्यास लांब पासवर्ड दिला. तो लिहितांच फोल्डर उघडलें, आणि २००९ सालच्या पहिल्या चित्रांत वहिनी उंबऱ्यावर रांगोळी घालीत असलेल्या दिसल्या.

संग्रह सुमारें २०० गिगाबाइटांचा होता. आमच्या तारेची गति सेकंदास १०० मेगाबिट. आठ बिटांचें एक बाइट, म्हणजे सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट. ह्या मानानें किती वेळ लागेल, हें गणित आम्हीं पुतण्यांस घातलें. त्यांनीं साडेचार तासांहून थोडें कमी असें उत्तर काढलें. प्रत्यक्षांत त्याहून अधिक वेळ लागला, कारण लहान लहान फाइली हजारोंनीं असल्या म्हणजे प्रत्येकीच्या देवघेवींत थोडा थोडा वेळ जातो.

आतां गंमत अशी कीं, फाइली भराभरा खालीं येत होत्या आणि तरीही नेटवर्कच्या यादींत वरच्या संगणकाचें नांव नव्हतें. पुतणे एकदां यादीकडे पाहत आणि एकदां उतरणाऱ्या चित्रांकडे पाहत. शेवटीं ते म्हणाले, "काका, तो दिसत नाहीं, पण आहे!" ह्या सर्व खटाटोपांत ह्याहून मोलाचें वाक्य कोणी बोललें नाहीं.

येथें पांचवा प्रश्न येतो, नांवाचा. नेटवर्कची यादी म्हणजे घरांतील यंत्रांची शिरगणती नव्हे. ती दवंडी ऐकून केलेली नोंद होय. प्रत्येक यंत्र 'मी येथें आहें' अशी दवंडी पिटतें. ती ज्यांस ऐकूं येते ते तें नांव लिहून घेतात. दवंडी वेशीबाहेर जात नाहीं. म्हणून दोन गल्ल्या असतांना कोणाचें नांव कोणाकडे नव्हतें. जुन्या पद्धतींत जाळ्यांतील यंत्रें आपसांत निवडणूक करून एकास प्रमुख नेमीत, आणि तो कुळकर्ण्याप्रमाणें सर्वांचें दप्तर ठेवी. यंत्रें साधारणतः बारा बारा मिनिटांनीं आपली हजेरी देत, आणि तीन हजेऱ्या चुकल्यावांचून नांव खोडलें जात नसे. म्हणजे बंद झालेला संगणकही अर्ध्या तासाहून अधिक वेळ यादींत 'दिसत' असे! त्या काळीं नसलेलें यंत्र दिसे. आमच्या घरीं असलेलें दिसत नव्हतें. यादीवर सर्वस्वी विसंबून निदान करणारा मनुष्य दोन्ही वेळां फसतो.

जुन्या पद्धतीबरोबर हें दप्तरही गेलें. आतां दवंडी पिटण्याचें काम विंडोजमधील एका निराळ्या सेवेकडे आहे. तिचें नांव फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन. सेवांच्या यादींत ती शोधली, तों ती थांबलेली आढळली. यंत्र सुरू होतांना ती आपोआप सुरू होत नव्हती. तिला आपोआप सुरू होण्यास सांगितलें. थोड्याच वेळांत आमच्या यादींत वरच्या संगणकाचें नांव उमटलें. जुनें भगदाड पाडावें लागलें नाहीं, फायरवॉल काढावी लागली नाहीं, नवें यंत्र विकत घ्यावें लागलें नाहीं. दोन सायंकाळ आणि वहीचीं तीन पानें, एवढाच खर्च झाला.

यादी पाहून पुतण्यांनीं आणखी एक प्रश्न काढला. वहिनींना त्यांच्या कचेरीनें दिलेला संगणक यादींत नव्हता, आणि पाहुण्यांचे फोनही नव्हते. "त्यांनाही आणूं या काय?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं नको म्हटलें. कचेरीचा संगणक काम करतांना व्हीपीएन नांवाच्या बंदिस्त भुयारांतून थेट कचेरीशीं बोलतो. घरच्या शेजाऱ्यांशीं त्यानें बोलूं नये, हा त्याच्या मालकांचा नियम आहे. पाहुण्यांसाठीं राउटरावर निराळें जाळें ठेविलें आहे. त्यावर येणाऱ्यांस इंटरनेट मिळतें, पण घरांतील यंत्रें दिसत नाहींत. आपण पाहुण्यास ओसरीवर मानानें बसवितों, पाणी देतों. पण त्यास देवघरांतून व कोठींतून फिरवीत नाहीं. तें कांहीं आतिथ्यांतील न्यून नव्हे.

ह्यावरून एक गोष्ट आमच्या मनावर ठसली. न दिसणें हा नेहमींच दोष नसतो. कधीं तो वाटेचा अडथळा असतो, कधीं जाणूनबुजून लावलेलें दार असतें, आणि कधीं नुसती न पिटलेली दवंडी असते. तिन्हींचें बाह्य रूप एकच: यादींत नांव नाहीं. परंतु तिन्हींचे उपाय अगदीं निराळे. पहिला दूर करावा. दुसऱ्यास हात लावण्यापूर्वीं तें दार कोणीं व कां लावलें हें विचारावें. तिसऱ्यासाठीं नुसती आठवण करून द्यावी. कारण न शोधतां जो सगळींच दारें मोडतो, त्याचें काम कदाचित् त्या दिवशीं होतें. पण त्या मोडक्या दारांतून पुढें कोण येईल, हें त्याच्या हातीं राहत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं असा प्रसंग आला, तर तुम्हींच त्या घरचे वैद्य व्हाल, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तुमची पिढी ह्या विद्येंत आमच्यापुढें आहे. तुम्हांस एवढेंच सांगणें आहे कीं, वेग आणि घाई ह्यांतील भेद ओळखा. वही घ्या. वाट, पत्ता, दार, किल्ली आणि नांव, ह्या क्रमानें चाला. कोणीं सांगितलेला उपाय करण्यापूर्वीं, तो करूं नये म्हणून कोणीं कांहीं व्यवस्था केली होती काय, हें एकवार वाचून पाहा.

आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी दोन तास यंत्रापुढें बसून कांहींच झालें नाहीं असें सांगेल, तेव्हां रागावूं नका. तिची वही मागा. वहींत जर 'हें कारण नव्हे' असें चार वेळां लिहिलेलें असेल, तर ते दोन तास फुकट गेले नाहींत. चार खोट्या वाटा बंद झाल्या आहेत, आणि खरी वाट तितकी जवळ आली आहे.